छोट्या हत्तीत मावणारा उजेड

काळी नदी दिग्गीजवळ उगम पावते आणि 184 किलोमीटर वाहून कारवारला समुद्राला मिळते. वाटेत सुपा, नागझरी, कोडसळ्ळी, कद्रा ही जलविद्युत केंद्रं तिच्याच पाण्यावर चालतात. कैगाच्या अणुवीज केंद्राला लागणारं पाणीही कद्राच्या जलाशयातलं. एवढी वीज जिच्या काठावर तयार होते, तिच्या उगमापाशी एखाद्या रात्री नाटक लावायचं ठरलं, तर लाइट मात्र बाहेरूनच आणावे लागणार. दिग्गी जोयडा तालुक्यात, गोव्याच्या हद्दीलगत, सह्याद्रीच्या ऐन रानात. शहरातल्या नाट्यगृहाच्या मागच्या दाराला ट्रक लावून सामान उतरवणाऱ्या लाइटवाल्याला इथे सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल. आपण तोच मांडून बघू.

वीस वर्षांपूर्वीचा लाइटवाला काय आणायचा? समजा, 24 पार. ‘पार’ म्हणजे लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा डबा आणि त्यात हजार वॅटचा बंद दिवा. 24 दिव्यांचे झाले 24 किलोवॅट. 230 व्होल्टला, सोयीसाठी सिंगल फेज धरलं तर, सुमारे 104 अँपिअर. एवढा प्रवाह खेळवायला 35 चौरस मिलिमीटरची वायर तरी हवी. जनरेटरपासून रंगमंचापर्यंत 50 मीटर अंतर, जायची एक तार आणि यायची एक, म्हणजे नुसतं तांबंच 31 किलोंच्या वर. त्यावरचं रबर, अर्थिंगची तार वेगळी. 24 किलोवॅट पेलणारा डिझेल जनरेटर टनाच्या आसपास जातो, त्यामुळे तो स्वतःच्या वेगळ्या गाडीतून येणार.

ही तर मुख्य वायर झाली. खरी गंमत पुढे आहे. जुन्या दिव्याचा उजेड कमी-जास्त करायचा तर त्याला मिळणारी वीजच कमी-जास्त करावी लागते, आणि ते काम डिमर करतो. डिमर बाजूला विंगेत, दिवे वर बारवर. म्हणून प्रत्येक दिव्याची, फार तर दोन-दोन दिव्यांची, स्वतंत्र वायर डिमरपर्यंत परत यायला हवी. 24 दिवे, प्रत्येकी 30 मीटर: 720 मीटर वायर. ती सोडवायची, ओढायची, बांधायची, कुठली कुठल्या दिव्याची हे कागदाची चिठ्ठी लावून लक्षात ठेवायचं, आणि खेळ संपल्यावर पुन्हा गुंडाळायची. लाइट लावायला वेळ लागतो तो दिवे टांगण्यात, असं बघणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात वेळ वायर खाते.

आता एलईडी पार घ्या. तीन-तीन वॅटच्या 54 एलईडींचा एक नग धरला तर तो 160 वॅटच्या आसपास. 24 नगांचे चार किलोवॅटही होत नाहीत, प्रवाह जेमतेम 17 अँपिअर. चार चौरस मिलिमीटरची वायर पुरते, आणि त्याच 50 मीटरमधलं तांबं 31 किलोंवरून साडेतीन किलोंवर येतं. जनरेटर चार माणसांनी उचलून ठेवावा एवढा. गमतीचा भाग असा की दिव्याचं वजन फारसं बदललेलं नाही. तेव्हाचा पार तीनेक किलोंचा, आताचाही तसाच. हलकं झालं ते दिव्यामागचं लटांबर.

डिमर तर गेलाच. एलईडीचा उजेड दिव्याच्या आतच कमी-जास्त होतो, बाहेरून त्याला फक्त हुकूम द्यायचा. त्या हुकमाची भाषा म्हणजे डीएमएक्स 512. अमेरिकेतल्या रंगमंच तंत्रज्ञांच्या संस्थेने ती 1986मध्ये ठरवली आणि अजून तीच चालते. एका बारीक वायरीतून 512 आकडे एकामागोमाग धावत असतात, आणि प्रत्येक दिवा आपल्या नंबरचे आकडे तेवढे उचलतो. त्यामुळे वीजही या दिव्यातून त्या दिव्यात जाते आणि हुकूमही. डिमरपर्यंत 24 स्वतंत्र वायरी ओढण्याऐवजी शेजाऱ्याला जोडणारे दीड-दोन मीटरचे तुकडे पुरतात.

रंगांचं गणित तर याहून एकतर्फी आहे. जुन्या दिव्यासमोर निळा जिलेटिन पेपर लावला की तो निळ्याखेरीज बाकी सगळा उजेड गिळतो. काही गडद निळ्या पेपरांतून शंभरातले पाच भागही बाहेर येत नाहीत. म्हणजे हजार वॅट जाळायचे, त्यातली बहुतेक उष्णता, उरलेल्या उजेडातला बहुतेक पेपर खाणार. एलईडी निळा प्रकाशच तयार करते. हा निळा एलईडी जमवणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना 2014चं भौतिकीचं नोबेल मिळालं, त्याचा फायदा आपल्या जत्रेतल्या लाइटवाल्यापर्यंत पोचला आहे. तरीही माझं मत सांगतो: नटाच्या चेहऱ्यावर जुन्या दिव्याचा कोमट पिवळा उजेड जसा बसतो, तसा स्वस्तातल्या एलईडीचा बसत नाही. चेहरे आजारी दिसतात. मोजके दोन-चार जुने स्पॉट समोरून ठेवणारा लाइटवाला मला जास्त शहाणा वाटतो.

घाटातल्या रस्त्याचा मात्र त्या जुन्या दिव्याला भारी जाच. टंगस्टनची तार तापलेली असताना मऊ असते, धक्का बसला की तुटते. म्हणून खेळ संपल्यावर दिवे निवेपर्यंत थांबायचं, मगच पेटीत भरायचे. गॅसबत्तीची तऱ्हा हीच होती. 1910च्या सुमारास बर्लिनमध्ये जन्मलेली पेट्रोमॅक्स आपल्याकडे वरातीपासून तमाशापर्यंत सगळीकडे पोचली. तिचं मेंटल एकदा जळलं की थोरियम ऑक्साइडच्या राखेची नुसती जाळी उरते. बत्ती हातात धरून चालत न्यायची तर चालेल, बैलगाडीत ठेवली की मेंटल गेलं. एलईडीत तारही नाही आणि राखही नाही. पडदा पडला की दुसऱ्या मिनिटाला पेटीत.

मग उरतो प्रश्न गाडीचा. 2005मध्ये आलेला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, पाऊण टन माल नेतो, पण त्याचा हौदा जेमतेम सात फुटांचा. दिवे टांगायची दहा फुटी ट्रस त्यात बसत नाही, मागे बाहेर लटकते आणि घाटातल्या वळणावर नको तिथे घासते. म्हणून अशा वाटेवर जाणाऱ्याने दोन मीटरचे तुकडे घ्यावेत. शहरात चाकांची पेटी वेळ वाचवते. मातीच्या अंगणात तीच चाकं रुततात आणि पेटीचं वजन तेवढं आपल्या खांद्यावर येतं. इथे दोघांना धरता येतील असे कडीचे डबे बरे.

वेग कसा वाढवायचा याचं उत्तर मात्र कारखान्यात सापडतं. जपानच्या शिगेओ शिंगो यांनी टोयोटामध्ये मोठ्या प्रेसचा साचा बदलायला लागणारे चार तास तीन मिनिटांवर आणले, 1970च्या आसपास. त्यांची युक्ती साधी: मशीन बंद ठेवूनच करावी लागणारी कामं कुठली आणि मशीन चालू असताना आधी उरकता येणारी कुठली, हे वेगळं काढा. लाइटला ते जसंच्या तसं लागू पडतं. दिव्यांचे नंबर घरीच लावता येतात. चार-चार दिवे एका आडव्या नळीला कायमचे कसून, मधल्या वायरी टेपने बांधून ठेवता येतात. जागेवर ती नळी स्टँडवर ठेवायची, दोन पिना जोडायच्या आणि स्टँड वर सरकवायचा. शिडीवर चढून एकेक दिवा कसायची गरजच नाही. सगळं काम जमिनीवर उभं राहून.

ही शिस्त आपल्याकडच्या फडांना पुस्तकाशिवाय ठाऊक होती. नारायणगावहून निघणारे तमाशाचे फड हंगामात एका गावचा खेळ संपवून दुसऱ्या दिवशी पुढच्या गावात तंबू ठोकतात. कुठली पेटी ट्रकमध्ये शेवटी चढवायची, म्हणजे ती आधी उतरेल, हे तिथे तोंडपाठ असतं. दिग्गीच्या घाटाखाली, गोव्यात आणि सिंधुदुर्गात, दशावतारी याच्याही पुढे होते. कपड्यांचा आणि मुकुटांचा पेटारा डोक्यावर, रंगमंचावर एक बाकडं, आणि उजेड गावाने करायचा. लावायला वेळ शून्य!

आता ज्याने लाइटवाल्याची रात्र खरोखर वाचेल अशी एक अगदी साधी गोष्ट. वायर हाताच्या पंजाभोवती आणि कोपराभोवती गुंडाळताना तुम्ही पाहिली असेल, कदाचित स्वतः गुंडाळलीही असेल. प्रत्येक वेढ्याला वायरीला एक पूर्ण पीळ बसतो. 20 वेढे, 20 पीळ, सगळे एकाच दिशेने. पुढच्या गावात ती ओढली की पीळ गाठींत उतरतात, आत बारीक तारा एकमेकींवर घासून तुटतात, आणि ऐन खेळात दिवा मिचकावतो. उपाय असा: पहिला वेढा सरळ घ्यायचा, दुसरा मनगट उलटं फिरवून आतून. एकाचा पीळ दुसरा काढतो. अशी वायर एक टोक धरून फेकली तर गाठ न पडता सरळ लांब जाऊन पडते. शिकायला दहा मिनिटं लागतात.

तेव्हा गावच्या मंडळातल्या पोरांनो, खेळ संपल्यावर लाइटवाल्याला मदत करायची हौस असेल तर जरूर करा. फक्त वायर कोपराला गुंडाळू नका.