उकळून पितोस ना?

आई साताऱ्याहून फोनवर अजून विचारते, "पाणी उकळून पितोस ना रे?" दुबईत नळाला येतं ते जेबेल अलीला गोडं केलेलं समुद्राचं पाणी. आम्ही मात्र बाटल्या आणतो, त्यातल्या काहींत ओझोनने जंतू मारलेले असतात. ओझोन बनतो थंड प्लाझ्मात: दोन इलेक्ट्रोड, मध्ये काच, उच्च दाबाची वीज, फटीतून ऑक्सिजन. वेर्नर फॉन सीमेन्सने अशी नळी १८५७ सालीच केली होती! पण ग्यानबाची मेख अशी, की समुद्राच्या गोड्या पाण्यात थोडं ब्रोमाइड उरतं. ओझोन जास्त झाला, की त्याचं ब्रोमेट होतं. कर्करोगाच्या शंकेपोटी जागतिक आरोग्य संघटनेने त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवलीय. उकळून ब्रोमेट जात नाही. आईला हे अजून सांगितलेलं नाही.