बांगड्या रुतायला लागल्या तर

आंजर्ल्यात पोटुशीचे पाय सुजले की शेजारीण म्हणते, "दिवस भरत आले, सुजायचेच." पायांपुरतं ते बहुधा खरंही असतं. पण तोंड-हात सुजले, बांगड्या रुतायला लागल्या, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, बरगडीखाली दुखतंय, तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्या. विसाव्या आठवड्यानंतर तो 140/90 किंवा वर गेला आणि लघवीत प्रथिनं आली, तर डॉक्टर त्याला प्री-एक्लाम्पसिया म्हणतात. वाढला तर झटके येतात, जीवावर बेततं.

याचं मूळ बहुधा वारेत. सुरुवातीला तिच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या नीट रुंदावल्या नाहीत, तर तिला रक्त कमी पडतं. मग रक्तवाहिन्या वाढवणारं एक प्रथिन आईच्या रक्तात कमी होतं, त्याला अडवणारं वाढतं. पुण्यात भारती विद्यापीठात डॉ. साधना जोशी आणि सहकाऱ्यांनी अशा खुणांचा अभ्यास केला. माशांतल्या ओमेगा-3 चाही. (बांगडा-तारली खाणारणींनी हुरळू नये, मासा म्हणजे औषध नव्हे.)

पहिलटकरीण, जुळं, मधुमेह, आधीचा रक्तदाब, मागच्या खेपेचा हाच त्रास, यांतलं काही असेल तर पहिल्याच तपासणीला सांगा. जोखीम जास्त वाटली तर डॉक्टर बाराव्या आठवड्यापासून अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी देतात. उशिरा फायदा कमी. आपल्या मनाने घेऊ नका. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. बाळंतपणानंतरही डोकं ठणकलं, तर 108 ला फोन करा.