पेशंट आला कुठून?

सकाळी साडेआठला केसपेपरच्या खिडकीवर रांग लागते. नाव, वय, पत्ता. मागून लोक ढकलत असतात, आतल्या कर्मचाऱ्याला मान वर करायला फुरसत नसते. त्यामुळे पत्त्याच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द येतो, गावाचा नाहीतर जवळच्या चौकाचा. सरकारी नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही त्या रकान्याकडे पाहत नसे. नाडी, रक्तदाब, तपासण्या, औषधं यांतच डॉक्टरचं काम संपतं, अशी माझी समजूत होती.

ती समजूत बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या एका मुलीनं मोडली. वय बावीस, आठवा महिना, डोळे हळदीसारखे पिवळे. दुसऱ्या दिवशी ती गुंगीत गेली आणि तिसऱ्या दिवशी आई आणि पोटातलं बाळ दोघंही गेले. निदान हेपॅटायटिस ई. दूषित पाण्यातून पसरणारी ही कावीळ एरवी बहुतेकांना आपोआप बरी होते. शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला मात्र ती झाली, तर मृत्यूचा धोका २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

केसपेपरवर पत्ता होता माहेरचा, शहरातला. आम्ही तोच पुढे कळवला. तिथल्या नळाचं पाणी तपासलं गेलं, ते स्वच्छ निघालं आणि विषय मिटला. पंधरा दिवसांनी दुसऱ्याच एका गावातून काविळीचे पेशंट येऊ लागले. त्यात दोन गरोदर बायका होत्या. ते गाव त्या मुलीचं सासर. तिथे पाण्याची पाइपलाइन गटाराजवळ फुटलेली होती. हा विषाणू पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत २ ते १० आठवडे लागतात आणि मुलीला माहेरी येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. ‘महिना-दीड महिन्यापूर्वी ही कुठे होती?’ हा साधा प्रश्न आमच्यापैकी कुणीही तिच्या आईला विचारला नव्हता. विचारला असता तरी ती वाचली नसती. पण तिच्या सासरचं गाव पंधरा दिवस आधी पाणी उकळून प्यायला लागलं असतं.

माझा भाचा एका दुकानाची वेबसाइट सांभाळतो. तिथे येणारे लोक कुठल्या गावचे, गूगलवर शोधून आले की कुणी पाठवलेल्या लिंकवरून, हे तो रोज पाहतो. परवा म्हणाला, ‘‘मामा, आकडे दिसतात तसे नसतात.’’ गाव ओळखलं जातं आयपी पत्त्यावरून आणि तो असतो इंटरनेट कंपनीनं दिलेला. माणूस तालुक्याच्या गावी बसलेला असतो, नोंद होते मोठ्या शहराची. व्हॉट्सअ‍ॅपवरची लिंक दाबून कुणी आलं, तर मागचा माग बऱ्याचदा मिळत नाही आणि ‘थेट आला’ अशी नोंद पडते. तिथे ‘थेट’ म्हणजे पुष्कळदा ‘माहीत नाही’. मला आमचं रजिस्टर आठवलं.

हा प्रश्न नीट विचारणाऱ्या एका डॉक्टरचं नाव वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतं. १८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरं नकाशावर मांडली, तेव्हा ती ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती दाटलेली दिसली. पण त्यांचा खरा कस लागला तो नकाशात न बसणाऱ्या माणसांपाशी. दूरच्या हॅम्पस्टेडमध्ये एक विधवा बाई कॉलऱ्यानं गेली होती. चौकशी केल्यावर कळलं, की त्या पंपाच्या पाण्याची चव आवडते म्हणून ती ते रोज गाडीवरून मागवून घेत असे. पत्ता हॅम्पस्टेडचा, पाणी सोहोचं. उलट, पंपाजवळच्या दारूभट्टीतले कामगार बचावले होते. त्यांना प्यायला बिअर मिळे आणि आवारात स्वतंत्र विहीर होती. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती, पण ती कुठून आली हे कळलं होतं.

नुसत्या आकड्यांवर विसंबलं की काय होतं, याचं अलीकडचं उदाहरण गूगलचंच. फ्लूबद्दल लोक कुठून, किती शोध घेतात, यावरून साथीचा अंदाज बांधणारी योजना त्यांनी २००८ मध्ये सुरू केली. २००९ च्या स्वाइन फ्लूची पहिली लाट तिला नीट पकडता आली नाही. २०१२-१३ च्या हंगामात अमेरिकेत तिचा अंदाज प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट निघाला आणि २०१५ मध्ये ती बंद झाली. शोधणारा प्रत्येक जण आजारी नसतो. बातमी वाचून घाबरलेलाही शोधतोच.

म्हणून वाचकांना एक विनंती. दवाखान्यात गेलात, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तीन गोष्टी सांगा. सध्या कुठे राहता, कामाला कुठे जाता आणि गेल्या दोन महिन्यांत कुठे कुठे राहून आलात. लग्न, जत्रा, ऊसतोड, शेतातली लावणी, काहीही असो. काळ महत्त्वाचा आहे. कॉलरा काही तासांपासून पाच दिवसांत दिसतो, डेंग्यू साधारण चार ते दहा दिवसांत, लेप्टो बहुधा एक-दोन आठवड्यांत, काविळीचं वर सांगितलंच. ठिकाणही नेमकं हवं. काजूच्या बागेत राबणाऱ्याला माकडतापाची गोचीड बागेत चावते, केसपेपरवरच्या घरात नाही. आणि पत्ता खरा द्या. ‘बाहेरगावचं म्हटलं तर घेणार नाहीत’ या भीतीनं अनेक जण शहरातल्या पाहुण्यांचा पत्ता सांगतात. त्यात नुकसान होतं ते त्यांच्याच गावाचं.

आमच्या वॉर्डात आता काविळीच्या प्रत्येक पेशंटच्या कागदावर दोन पत्ते लिहिले जातात, तारखांसकट. लिहायला एक मिनिट लागतं. नवीन इंटर्न कुरकुरतात, तेव्हा मी त्यांना त्या मुलीची गोष्ट सांगतो.