वेबसाइटवरचे फोटो – भाग ९ : कशेळीचा हत्ती मोबाइलवर

या आठवड्यात वेबपी आणि एव्हिफ या फॉरमॅटबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या भागात. राजापूरकडे घरगुती निवास चालवणाऱ्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यांचा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. मागच्या भागात सांगितल्याप्रमाणे त्यांनी कशेळीच्या हत्तीच्या कातळशिल्पाचा ड्रोन फोटो चार वेगवेगळ्या रुंदीत तयार केला आणि सोर्ससेटमध्ये, म्हणजे ब्राउझरने निवडायच्या प्रतींच्या यादीत, दिला. पान आता झटकन उघडतं. पण मोबाइलवर हत्तीच दिसत नाही, नुसता सडा, म्हणजे भोवतालचं कातळी पठार, दिसतो.

तो हत्ती सड्यावर उभं राहून ज्यांनी पाहिलाय, त्यांना याचं नवल वाटणार नाही. सुमारे १८ मीटर लांबीची आकृती जांभ्यात कोरलेली, आणि तिच्या पोटात पुन्हा प्राणी, पक्षी, जलचर. जमिनीवरून ती नजरेत मावत नाही, म्हणून ड्रोन उडवायचा. ड्रोनमधून मग भोवतालचा सडाही फोटोत येतो आणि लॅपटॉपवर तो देखणाच दिसतो.

आता मोबाइलचा हिशेब करू. हत्तीने फोटोची एक तृतीयांश रुंदी व्यापली आहे असं धरा. फोन उभा धरला की ब्राउझरच्या लेखी पडद्याची रुंदी साधारण ३६० पिक्सेल. पडद्याची घनता तिप्पट असेल तर प्रत्यक्षात १०८० ठिपके. त्यातले हत्तीच्या वाट्याला ३६०. म्हणजे एका ठिपक्यात ५ सेंटिमीटर कातळ! कोरलेली खाच दोन बोटं रुंद असेल तर ती ठिपक्याहूनही अरुंद. फोटो लहान करताना सॉफ्टवेअर शेजारशेजारच्या पिक्सेलची सरासरी काढतं, आणि खाचेतली सावली जांभ्याच्या रंगात विरून जाते. (भर दुपारी काढलेल्या फोटोत तर मुळात सावलीच नसते. कातळशिल्पं सकाळी नाहीतर उन्हं कलल्यावर टिपावीत.)

फाइल कितीही नीट तयार करा, रेघ परत येणार नाही. फोटो लहान करून भागत नाही, तो कापावा लागतो. हत्तीपुरता कापलेला फोटो मोबाइलला दिला की सगळे १०८० ठिपके त्याचेच. एका ठिपक्यात पावणेदोन सेंटिमीटरच्या आत कातळ येतो आणि खाच पुन्हा दिसू लागते. कुठे कापायचं हे मात्र माणसानेच ठरवायचं. वर्डप्रेसने डिसेंबर २०१५ मधल्या ४.४ आवृत्तीपासून सोर्ससेट आपणहून द्यायला सुरुवात केली, ही मोठीच सोय झाली. पण त्याची १५० बाय १५०ची चौकोनी प्रत फोटोच्या मध्यातून कापली जाते. हत्तीचं डोकं कुठे आहे, हे त्याला काय ठाऊक?

यासाठी पिक्चर हा टॅग आहे. त्याच्या पोटात सोर्स टॅग घालायचे आणि प्रत्येकाला मीडियाची अट जोडायची: पडद्याची रुंदी ६०० पिक्सेलपर्यंत असेल तर कापलेला हत्ती. शेवटी नेहमीचा इमेज टॅग, त्यात पूर्ण सडा. नुसत्या सोर्ससेटमध्ये ब्राउझरला मोकळीक असते. मोठी प्रत आधीच साठवलेली असेल तर तो तीच दाखवू शकतो, डेटा वाचवायचा असेल तर लहान घेऊ शकतो. पिक्चरमधली अट मात्र त्याला पाळावीच लागते. जी अट प्रथम जुळेल तिथेच तो थांबतो, म्हणून सोर्सचा क्रम चुकवू नका. दोन्ही फोटोंचा आकार वेगळा असल्यामुळे रुंदी आणि उंची सोर्स टॅगवरही लिहा, नाहीतर फोटो येताच खालचा मजकूर उडी मारतो.

हे सगळं एचटीएमएलमध्येच का लिहायचं? कारण पानाची मांडणी ठरण्याआधीच ब्राउझर फोटो मागवायला लागतो. स्क्रिप्ट जागी होईपर्यंत मोठी फाइल निघालेली असते. २०१० साली आयफोन ४ ने पडद्याची घनता दुप्पट केली तेव्हापासून कुठल्या पडद्याला कुठला फोटो द्यायचा यावर वेबवाले डोकेफोड करत होते. २०१४ साली त्यांनी वर्गणी काढली आणि त्या पैशातून योआव वाइस या अभियंत्याने क्रोमच्या इंजिनात पिक्चर टॅग बसवला. मोठ्या कंपनीची वाट न पाहता वापरणाऱ्यांनीच आपली गरज भागवली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

कोकणातल्या नऊ ठिकाणांची कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यातली सात ठिकाणं रत्नागिरी जिल्ह्यातली आहेत. ती पाहायला निघालेला माणूस आधी फोनवरच बघतो. त्यांपैकी उक्षीला एकच हत्ती असल्यामुळे कापणं सोपं. जांभरुणला मात्र अनेक आकृत्या पसरलेल्या आहेत. तिथे एका चौकटीचा हट्ट सोडून दोन-तीन स्वतंत्र फोटो द्यावेत, हे माझं ठाम मत आहे.

पत्रलेखकांसाठी आणखी एक गोष्ट. ज्यांना फोटो दिसत नाही त्यांच्यासाठीचं वर्णन फक्त इमेज टॅगवर लिहिता येतं, आणि ते दोन्ही प्रतींना लागू होतं. त्यामुळे तिथे नुसतं ‘सड्याचं विहंगम दृश्य’ लिहू नका. ‘जांभ्यात कोरलेला हत्ती, पोटात इतर प्राणी’ असं लिहा. मग कुठलीही प्रत आली तरी ते खरं ठरेल.