चिपाडाचा हिशेब

ऊर्जातीव्रता हा शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. शंभर रुपयांचे उत्पन्न काढायला इंधन किती जळाले, एवढाच तो हिशेब. आपल्या बिद्रीला तो साखर कारखान्याच्या बॉयलरपाशी समजून घेता येतो.

१०० टन उसाचे सुमारे २८ टन चिपाड, म्हणजे बगॅस, निघते. टनाला साधारण २ टन वाफ धरली तर ५६ टन वाफ झाली. जुन्या यंत्रांना त्यातली ५० टन लागे. सुधारलेल्यांना ४० पुरते. साखर तेवढीच, पण चिपाड उरते आणि त्याची वीज विकता येते.

आता मॉरिशस पाहा. एकोणिसाव्या शतकात मराठी मजूर तेथल्या उसाच्या मळ्यांत गेले. त्या बेटावर ना कोळसा, ना तेल. दोन्ही बोटीने येतात. म्हणून तेथेही चिपाडाची वीज करतात. हंगाम सरला की कोळसा जाळतात. १९६८ साली देश स्वतंत्र झाला. पुढे कापडगिरण्या, पर्यटन, बँका वाढल्या. बँकेच्या रुपयाला उसाच्या रुपयाइतके इंधन लागत नाही. त्यामुळे एकही बॉयलर न सुधारता देशाचा आकडा उतरू शकतो. शिवाय पाहुण्यांना परदेशी नेणाऱ्या विमानांचे तेल या हिशेबात धरतच नाहीत.

तेव्हा आकडा उतरला असे कोणी सांगितले, तर विचारा : इंधन वाचले, की धंदा बदलला? आणि वाचले असेल, तर त्यातून ऊसवाल्याला आणि भट्टीपुढच्या कामगाराला काय मिळाले?