निकॉनचे एफएम-एफई घराणे आणि नगरचा उजेड

निकॉनने १९७७ साली एफएम आणि १९७८ साली एफई हे दोन फिल्म कॅमेरे बाजारात आणले. दोघांचा सांगाडा एकच, वजनही सारखेच, ५९० ग्रॅम. शटरचा सर्वाधिक वेग दोन्हींत १/१००० सेकंद. फरक आतल्या यंत्रात. एफएमचे शटर स्प्रिंगा आणि दातेरी चाकांवर चालते, एफईचे विद्युतमंडलाच्या हुकमावर. पुढे १९८२ मध्ये एफएम२, १९८३ मध्ये एफई२ आणि एफए, १९९५ मध्ये एफएम१० आणि २००१ मध्ये एफएम३ए आले. घराणे वाढले, तरी प्रत्येक कॅमेऱ्यापुढे प्रश्न तोच राहिला : छायाचित्रकाराने बॅटरीवर किती विसंबायचे?

अहिल्यानगर जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर तालुक्यागणिक बदलते. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर-भंडारदऱ्याचा धुवाधार पाऊस, तर दक्षिणेला कर्जत-जामखेडकडे कोरडी धूळ आणि डोळे दिपवणारे ऊन. क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात कॅमेऱ्याची जवळपास प्रत्येक बाजू कसाला लागते.

एफएमला बॅटरी लागते ती फक्त लाइट मीटरसाठी. घड्याळजीच्या दुकानात मिळणारे एलआर४४ जातीचे दोन बटण सेल त्याला पुरतात. ते संपले तरी एका सेकंदापासून १/१००० पर्यंतचा प्रत्येक वेग चालू राहतो. बंद पडतो तो मीटर, आणि उन्हाचा अंदाज बांधता येणाऱ्याचे त्यावाचून अडत नाही. एफईचे गणित वेगळे आहे. त्यात ॲपर्चर आपण ठरवायचे आणि वेग कॅमेऱ्याने निवडायचा, तोही आठ सेकंदांपासून १/१००० पर्यंत, मधल्या अपूर्णांकांसह. उजेड क्षणाक्षणाला बदलत असेल तर ही सोय मोठीच. मात्र सेल संपले की एफईजवळ १/९० चा एक यांत्रिक वेग आणि ‘बी’ एवढेच उरते.

हे ‘बी’ सेटिंग या घराण्यातल्या प्रत्येक कॅमेऱ्यावर बॅटरीवाचून चालते. बोट दाबलेले असेपर्यंत शटर उघडे, बोट उचलले की बंद. मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर भंडारदरा, रतनवाडी, घाटघर परिसरातली झाडे काजव्यांनी लखलखतात. तेव्हा कॅमेरा तिवईवर बसवून, बटणात केबल रिलीज फिरवून शटर कित्येक मिनिटे उघडे ठेवावे लागते. विद्युतमंडलाने धरून ठेवलेले शटर अशा वेळी सेल खात राहते, यांत्रिक ‘बी’ला त्याची गरज नसते. इतक्या दीर्घ वेळेत फिल्मची संवेदनक्षमता घटते, म्हणून मीटरने सुचवल्यापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. काजव्यांवर फ्लॅश टाकणे मात्र सर्वथा गैर. त्याने चित्र बिघडते आणि काजव्यांच्या मीलनातही व्यत्यय येतो.

जाहिरातींत एफएम२चा बोलबाला झाला तो १/४००० सेकंदाच्या वेगामुळे. हा वेग गाठण्यासाठी शटरची पाती हलकी असावी लागतात. निकॉनने ती टायटॅनियमची केली आणि कडकपणा यावा म्हणून त्यांवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी कोरली. १९८९ पासून पाती ॲल्युमिनियमची झाली. या वेगाचा उपयोग कुठे होतो, ते कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यात कळते. भर उन्हात, ४०० आयएसओच्या फिल्मवर एफ/१६ ला १/५०० सेकंद लागतात. पळत्या काळविटामागचे गवत धूसर व्हावे म्हणून ॲपर्चर एफ/५.६ पर्यंत उघडले, तर वेग थेट १/४००० वर जातो. एफएम२ला ते जमते. एफएम १/१००० वर थांबतो, म्हणजे एफ/११ वर अडकतो, आणि मागची प्रत्येक काडी रेखीव उमटून काळविटाशी झगडू लागते. अर्थात फिल्म १०० आयएसओची घेतली तर एफएमलाही एफ/५.६ वर १/१००० मिळतो. म्हणून केवळ १/४००० साठी जुना एफएम टाकून देण्यात शहाणपण नाही.

एफएम२चे खरे मोल आहे त्याच्या फ्लॅशच्या वेगात, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. या शटरला दोन पडदे असतात. पहिला उघडतो, दुसरा मागून येऊन झाकतो. वेग फार वाढला की पहिला तळाला पोहोचण्याआधीच दुसरा निघतो आणि फिल्मवरून उजेडाची फक्त एक फट सरकते. अशा वेळी उडालेला फ्लॅश चौकटीच्या एका पट्ट्यालाच उजळतो. म्हणून पूर्ण चौकट एकदम उघडी राहील असा सर्वाधिक वेग महत्त्वाचा. आडव्या धावणाऱ्या जुन्या कापडी पडद्यांना ३६ मिलिमीटर कापावे लागत, त्यामुळे तो वेग बहुधा १/६० असे. या घराण्यातली धातूची पाती उभी, २४ मिलिमीटरच धावतात. एफएम आणि एफईत हा वेग १/१२५, पहिल्या एफएम२त १/२००, आणि १९८४ मधल्या सुधारित एफएम२एनमध्ये १/२५०.

भर दुपारच्या लग्नात याचा हिशेब लागतो. मांडवाच्या तोंडाशी नवरा-नवरी उभी, डोक्यावर ऊन, फेट्याची आणि मुंडावळ्यांची सावली नेमकी डोळ्यांवर. ती उजळायला फ्लॅश हवा. १०० आयएसओच्या फिल्मवर १/६० धरला तर उन्हासाठी एफ/२२ लागते, आणि २८ गाइड नंबरचा (मीटरमधले अंतर गुणिले एफ-अंक) फ्लॅश जेमतेम सव्वा मीटर पोहोचतो. १/१२५ वर एफ/१६ आणि पावणेदोन मीटर. १/२५० वर एफ/११ आणि अडीच मीटर. सव्वा मीटरवरून दोन चेहरे कसेबसे मावतात, अडीच मीटरवरून करवलीही चौकटीत येते. रोजच्या धंद्यात १/४००० पेक्षा हीच सोय पदोपदी कामाला येते. एफई२ने तिच्यावर आणखी मजल मारली. त्यात फिल्मवरून परावर्तित होणारा फ्लॅशचा उजेड कॅमेरा स्वतः मोजतो आणि पुरेसा झाला की फ्लॅश तोडतो. एफएम२ला हे येत नाही.

मीटरच्या बाबतीत एफए सोडून सगळी भावंडे एकाच पद्धतीने पाहतात : मधल्या वर्तुळाला साठ टक्के महत्त्व, बाकीच्या चौकटीला चाळीस. मीटर समोरच्या वस्तूला मध्यम करडी समजतो, म्हणून वस्तू फार काळी वा फार पांढरी असली की तो फसतो. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराचा काळा पाषाण चौकटभर घेतला तर मीटर उजेड वाढवायला सांगतो आणि दगड राखाडी, मळकट निघतो. तिथे एक ते दीड स्टॉप कमी करावा. त्र्यंबकेश्वरहून नगरमार्गे पंढरीला जाणाऱ्या निवृत्तिनाथांच्या पालखीत पांढऱ्या सदऱ्या-धोतरांची दाटी झाली की उलट, एक स्टॉप वाढवावा. एफएने चौकटीचे पाच भाग पाडून त्यांच्या उजेडाची तुलना करण्याची युक्ती आणली. आज जवळपास प्रत्येक कॅमेऱ्यात असलेल्या अनेक भागांच्या मोजणीची ही सुरुवात, आणि १९८४ चा पहिला कॅमेरा ग्रां प्री पुरस्कारही एफएलाच मिळाला. मात्र त्याने उजेड कसा ठरवला हे वापरणाऱ्याला उमगत नाही, म्हणून शिकणाऱ्याला जुनी साठ-चाळीसची पद्धतच अधिक शिकवते.

मीटर दाखवतो कसा, यालाही महत्त्व आहे. एफएम आणि एफएम२मध्ये अधिक, शून्य, उणे असे तीन लाल दिवे लागतात. एफई, एफई२ आणि एफएम३एमध्ये काटा असतो. किती स्टॉपची तफावत आहे ते काटा नेमके सांगतो, म्हणून उन्हात तोच सरस. हरिश्चंद्रगडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत मात्र काळोखात काटा दिसेनासा होतो, दिवे दिसतात.

जुन्या लेन्स हाताशी असणाऱ्याला आणखी एक गोष्ट पाहावी लागते. निकॉनची लेन्स बसवण्याची खोबण १९५९ पासूनची, पण १९७७ मध्ये ॲपर्चरची खबर कॅमेऱ्याला देण्याची रीत बदलली. एफएम आणि एफईतली ती खूण पोहोचवणारी छोटी पट्टी वर दुमडता येते, म्हणून साठच्या दशकातल्या लेन्सही त्यांवर बसतात. एफएम२पासून ही सोय गेली आणि तशी लेन्स बळेच बसवली तर कॅमेरा दुखावतो. फोकस साधायची काच (फोकसिंग स्क्रीन) बदलायची सोय एफएममध्ये नाही, एफई आणि एफएम२मध्ये आहे.

एफएम१० नावापुरता घरचा. तो कोसिना कंपनीने बनवला, वजन ४२० ग्रॅम, वेग १/२००० पर्यंत, फ्लॅशला १/१२५. डोंगर चढताना हलका वाटतो, पण अंग प्लॅस्टिकचे आणि फिल्म ओढणाऱ्या मोटरची सोय नाही. २००६ च्या जानेवारीत निकॉनने बहुतेक फिल्म कॅमेरे बंद केले, तेव्हा एफ६ आणि हा एफएम१० एवढेच मागे राहिले.

घराण्याचा मूळ प्रश्न सुटला तो एफएम३एमध्ये. वेगाची चकती ‘ए’वर ठेवली की शटर विद्युतमंडलावर चालते, हाताने वेग निवडला की स्प्रिंगांवर, आणि तेही १/४००० पर्यंत सगळेच्या सगळे. दोन्ही यंत्रणा ५७० ग्रॅममध्ये बसवणे हे मोठे कौशल्य होते, पण बाजार तोवर डिजिटलकडे वळला होता.

आज यांतला कोणताही कॅमेरा जुना म्हणूनच हाती येतो. मागचे झाकण उघडून कडेचा काळा फोम बोटाला चिकटतो का ते पाहावे. चिकटला तर उजेड आत झिरपून फिल्मवर पट्टे येतात. फोम बदलणे सोपे आहे. घाटमाथ्याच्या दमटपणात राहिलेल्या लेन्समध्ये बुरशीचे जाळे धरते, ते विजेरी मारून काचेतून आरपार पाहिल्यावर दिसते. एफएम वा एफएम२चा वेग एका सेकंदावर ठेवून बटण दाबावे. दातेरी चाकांची घरघर एकसंध यावी. मध्येच अडखळली तर आतले तेल सुकले आहे असे समजावे. एफई आणि एफई२चा एका सेकंदाचा वेग मात्र नवे सेल घालूनच तपासावा. एफएम२एन असल्याचे कोणी सांगितले तर मागच्या क्रमांकाआधी ‘एन’ हे अक्षर आहे का ते पाहावे. ते नसेल तर तो १/२०० वाला पहिला एफएम२ असतो.