ऑर्विएतो: पोपच्या आश्रयाचं गाव

रोमहून फ्लॉरेन्सला जाताना गाडीच्या खिडकीतून सरळसोट कड्यावर वसलेलं एक गाव दिसलं. परतताना मुद्दाम उतरलो. हेच ऑर्विएतो.

खडक ज्वालामुखीच्या राखेचा. पहिली वस्ती एट्रुस्कन लोकांची, रोमनांच्याही आधीची.

आख्यायिका अशी: १२६३ साली जवळच्या बोल्सेनात एका पाद्र्याच्या मनात शंका आली, मिस्साची भाकरी खरंच ख्रिस्ताचं शरीर होते का, आणि त्या भाकरीतून वेदीवरच्या कापडावर रक्त ठिबकलं. पोप चौथा अर्बन तेव्हा ऑर्विएतोतच होता. १२६४ मध्ये त्याने इथूनच ‘कॉर्पुस क्रिस्ती’ (ख्रिस्ताचं शरीर) हा सण साऱ्या कॅथलिक जगासाठी जाहीर केला. ते डागाळलेलं कापड आजही इथल्या कॅथेड्रलमध्ये आहे. चमत्कार मानायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

कॅथेड्रलचं काम १२९० मध्ये सुरू झालं. आतली चित्रकार सिन्योरेल्लीची ‘अंतिम न्याया’ची भित्तिचित्रं मात्र चुकवू नका.

मला सर्वांत आवडली ती विहीर! १५२७ साली रोम लुटलं गेलं आणि पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला. वेढा पडला तर पाणी हवं, म्हणून त्याने ती खणायला लावली. खोली सुमारे ५३ मीटर. एकमेकांत गुंफलेले दोन गोल जिने. त्यामुळे पाणी आणायला उतरणारी आणि ते घेऊन चढणारी गाढवं समोरासमोर येतच नसत! विहीर पूर्ण होण्याआधीच क्लेमेंट वारला.

जायचा बेत असेल तर कमेंटमध्ये बिनधास्त विचारा.